काळ्या डांबरावरची रेघ

रात्री अकरा ते पहाटे चार मी रेघा ओढतो.
दिवसा ओढल्या तर रंग थिजायच्या आधी
माणूस वितळेल.

ममझरच्या खाडीकाठी तीन मीटरचा ट्रॅक.
अर्धा चालणाऱ्यांना, अर्धा सायकलींना,
मधले दहा सेंटिमीटर माझे.
दोनशे अंशांवर उकळलेला पांढरा रंग,
त्यावर मूठभर काचेचे मणी, साबुदाण्याच्या चुऱ्याएवढे,
म्हणजे दिवा पडला की रेघ डोळे उघडते.

आमच्याकडे पक्क्या गोष्टीला म्हणतात
काळ्या दगडावरची रेघ.
डांबर काळं आहे खरं, पण दगड नव्हे.
दोन उन्हाळे टिकते. फार तर तीन.

पत्र्याचे साचे दोन. एक माणूस, एक सायकल.
साचा म्हणजे तरी काय,
माणसाच्या आकाराचं भोक.
कापून निघालेला पत्र्याचा माणूस मी टाकला नाही,
सोनापूरच्या खोलीत खाटेमागे उभा आहे,
त्याच्या खांद्यावर माझा टॉवेल वाळतो.

खगेंद्र बुढाथोकी इलेक्ट्रिक बाइकवरून
बिर्याणी, औषधं, एकदा तर नुसती एक मेणबत्ती घेऊन जातो.
त्याच्या हँडलवरच्या फोनात मिनिटं उतरत असतात.
त्या रात्री माझ्या शंकूंपाशी थांबला,
ओल्या रंगाकडे बघत म्हणाला,
दाजू, यात माझं चित्र कुठलं?

सायकलीच्या बाजूने जावं तर
हेल्मेटवाली दातांची डॉक्टरीण ओरडते, याला मोटर आहे.
चालणाऱ्यांकडून जावं तर उस्ताद इद्रीस,
सुदानातले निवृत्त मास्तर, काठी आडवी धरतात.
बाकी ते कुणाच्या अध्यात ना मध्यात;
बरोब्बर रेघेवरून चालतात,
एक पाय इकडे, एक तिकडे,
जणू दोन्ही बाजूंची हजेरी घ्यायची आहे.

साहेबाला विचारलं, तिसरा साचा कधी येणार?
तो म्हणाला, नकाशात दोनच आहेत, परब.

मार्चात शमाल सुटला.
दुपारपर्यंत रेघ गेली, माणूस गेला, सायकल गेली,
वीतभर वाळूखाली सगळं एकाच रंगाचं.
वाटलं, आता हाडं मोडणार कुणाची तरी.
नळकांड्यांच्या आडोशाला उभा राहून मी पाहत होतो,
खरं तर ऐकत होतो, कारण दिसत काहीच नव्हतं.

डॉक्टरीण उतरली, सायकल हाताने ढकलू लागली,
दर चार पावलांना घंटी.
खगेंद्रची बाइक मुळातच मुकी,
म्हणून तोच तोंडाने आवाज करत होता:
आलो, आलो, डावीकडून आलो.
आणि मास्तरांची काठी, टक्, टक्,
वाळूच्या खाली डांबर आहे का पाहत.
मग काठीचा आवाज थांबला.
मग घंटी थांबली.
धुळीतून तिघं निघाले तेव्हा
मास्तर बाइकच्या मागच्या डब्याला धरून चालत होते,
डॉक्टरीण पुढे, रुमाल तोंडाला,
आणि फोन केव्हाचा लाल होऊन ओरडत होता,
त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

असं रोज होत नाही.
दुसऱ्या दिवशी झाडूवाल्यांनी रेघ मोकळी केली
आणि संध्याकाळी त्याच वळणावर हमरीतुमरी,
तीच माणसं, तोच मुद्दा.
खगेंद्रला त्या ऑर्डरचे पैसे कापून आले.

काल माझ्या पांढऱ्या माणसाचं डोकं टायरांनी पुसलेलं दिसलं.
नवीन काढलं.
काम आटपल्यावर पिशवीच्या तळाशी थोडे मणी उरले होते,
ते वळणावर, नुसत्या काळ्या डांबरावर उधळले.
रंगाशिवाय मणी धरत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको.
पण सव्वाचारला एक दिवा आला, बिनआवाजाचा,
आणि तेवढी जागा
एवढीशी, कुठल्याच आकाराची नसलेली,
चमकली.
त्याने वेग कमी केला.
पुढे गेला.

सकाळपर्यंत वाऱ्याने नेले असतील.
मी पाहायला गेलो नाही, झोप आली होती.